रुखमाबाईंनी थांबवलेली पोथी

मी एक युद्धाचा इतिहास बोलतोय. दचकू नका. तोफा माझ्या पोटात आहेत खऱ्या, पण हल्ली माझ्या अंगाला हळदीचा वास येतो. चामोर्शीच्या पुढं, तलावाच्या काठावरच्या एका गावात, मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात मी लाल फडक्यात बांधून ठेवलेला असतो. माझ्या बिरादरीतल्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला असा मान मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

माझा लेखक पत्रकार. दोन तुकडे झालेल्या एका देशात तो वर्षानुवर्षं फिरला, सेनापतींना भेटला, उद्ध्वस्त गावांत राहिला, आणि मग त्यानं मला लिहिलं. पुढं कुणीतरी मला मराठीत आणलं आणि पुण्याच्या एका छापखान्यात माझा हा जन्म झाला. चकचकीत मुखपृष्ठावर रणगाडा, मधोमध घडीचा नकाशा, शेवटी टिपांची लांबलचक रांग. त्या देशाचं नाव इथं कुणाच्याच जिभेवर नीट बसत नाही. गावात त्याला 'सुरेंद्रचा देश' म्हणतात. मीही आता तेच म्हणतो.

खरं सांगायचं तर जन्मापासून मी जरा शिष्टच होतो. आपल्याला विद्वान वाचतील, आपल्यावर चर्चासत्रं होतील, अशी माझी समजूत. चंद्रपूरच्या एका वकीलसाहेबांनी मला घेतलं तेव्हा मी फार खूश झालो. त्यांनी पहिलं प्रकरण अर्धं वाचलं, पेन्सिलीनं चार खुणा केल्या आणि मला काचेच्या कपाटात ठेवून दिलं. पाहुणे आले की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. जाडजूड पुस्तक घरात असलं की माणसांना ते वाचल्याचंच समाधान मिळतं. मग कधीतरी घराला रंग द्यायचा निघाला आणि मी रद्दीत गेलो.

तिथून आलो बसस्टँडजवळच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर. घुग्घुसकडून येणारे कोळशाचे ट्रक जायचे आणि माझ्या रणगाड्यावर काळी पूड बसायची. लोक यायचे, परीक्षेची गाइडं चाळून जायचे. माझा शिष्टपणा तिथंच निम्मा उतरला.

एक दिवस एक मुलगी ठेल्यासमोर येऊन थबकली. भाग्यश्री तिचं नाव, चंद्रपूरला नर्सिंग शिकणारी. तिनं माझ्या मुखपृष्ठावरचं देशाचं नाव वाचलं आणि मला असं उचललं, जसं काही मी तिची हरवलेली वस्तूच होतो. तेच नाव तिच्या भावाच्या व्हिसावर होतं.

तिचा भाऊ सुरेंद्र आधी सिमेंटच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता. मग कुणा एजंटाच्या मार्फत उंच इमारतींच्या सेंट्रिंगच्या कामावर तो त्याच देशात गेला. तो गेला तेव्हा तिथं शांतता होती, म्हणजे दोन युद्धांच्या मधली विश्रांती. आणि आषाढात, गावात धानाची रोवणी चालू असताना, तिथं पुन्हा गोळीबार सुरू झाला. सुरेंद्रचा फोन तुटक तुटक यायला लागला.

भाग्यश्रीनं मला गावी आणलं आणि आईच्या पुढ्यात ठेवलं. तिची आई रुखमाबाई. त्यांना वाचता येत नाही. वडील मनसारामभाऊ तलावात मासे धरतात, बोलतात कमी. रुखमाबाईंनी मला दोन्ही हातांत घेऊन वजन पाहिलं, पदरानं कोळशाची पूड पुसली आणि थेट बापूजींच्या घरी नेलं. बापूजी म्हणजे गावाचे पोथी वाचणारे. दर श्रावणात दिवेलागणीला ते पोथी वाचतात, अर्थ सांगतात, आणि अख्खा मोहल्ला ऐकतो.

"भाऊ, औंदा ही पोथी लावा," रुखमाबाई म्हणाल्या.

बापूजींनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे पोथी नोहे. लढाईचं पुस्तक हाय."

"पोथीतबी लढाईच असते ना जी? टीव्हीवाले नुसते बोंबलून राह्यले, मले काई समजत नाई. तुमच्या तोंडून आयकलं का समजते. एवढं जाडं पुस्तक हाय, यात शेवट त असनच. माहा पोरगा तिथी अडकून हाय, भाऊ. मले शेवट पायजे."

ते ऐकून माझी पानं गार पडली. कारण माझं शेवटचं पान मला ठाऊक होतं.

श्रावण लागला. रुखमाबाईंच्या घरी मला पाटावर ठेवलं, उदबत्ती लावली, आणि हळदकुंकवाचं बोट नेमकं रणगाड्याच्या नळीवर टेकलं. बापूजींचा नेम असा, की पोथीतलं अक्षर गाळायचं नाही. त्यांनी अगदी आतल्या पहिल्या पानापासून सुरुवात केली. "सर्व हक्क सुरक्षित," ते चालीत म्हणाले, आणि बसलेल्या बायांनी हात जोडले. मग प्रकाशकाचा पत्ता झाला, आवृत्ती झाली, मुद्रक झाला. मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. एवढ्या भक्तिभावानं माझं कुणी काही ऐकलं नव्हतं.

हळूहळू गोष्ट पुढं सरकली. देशाची फाळणी कशी झाली ते बापूजींनी समजावून सांगितलं. "परक्या साहेबानं टेबलावर बसून शेताच्या बांधावाणी धुरा टाकला. कोणाचं घर इकडं, त विहीर तिकडं."

"म्हंजे मोजणीवाल्यानंच घोळ केला," शेजारच्या गोकुळाबाई म्हणाल्या. गोकुळाबाई ऐकता ऐकता मध्ये बोलल्या नाहीत असं कधी झालं नाही. "मंग त्याले धरलं काऊन नाई? भावाभावानं एकमेकाचे टाळके काऊन फोडले?"

बापूजींनी पान उलटलं, पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याच टिपेत नाही.

मनसारामभाऊ आत येऊन बसायचे नाहीत. ओट्यावर जाळं शिवत असायचे. पण सुरेंद्र जिथं कामाला होता त्या शहराचं नाव आलं की त्यांचा हात थांबायचा. माझ्या एका प्रकरणात ते शहर पूर्ण जळालेलं आहे. जुन्या युद्धातली गोष्ट, पण ऐकणाऱ्याला जुनं काय आणि नवं काय! ते प्रकरण वाचलं जात होतं तेव्हा आपल्याला वाळवीनं आधीच का खाल्लं नाही, असं मला झालं होतं.

त्याच्यापुढं ती बाई येते. सीमेवर लोखंडी फाटक आहे आणि फाटकाशी एक बाई रोज येऊन बसते. फाटक बंद झालं त्या दिवशी तिचा मुलगा पलीकडच्या बाजाराला गेला होता. माझा लेखक तिला भेटला, तिच्यासोबत चहा प्याला, एक सुंदर परिच्छेद लिहिला आणि एका सेनापतीच्या मुलाखतीला पुढं निघून गेला.

"आला काय तिचा पोरगा?" रुखमाबाईंनी विचारलं.

"पुढं असन," बापूजी म्हणाले.

पुढं नव्हतं. पण त्या दिवसापासून वाचन सुरू व्हायच्या आधी रुखमाबाई तेवढंच विचारायच्या, "त्या बाईचं काई निंगालं काय जी?" आणि बापूजी मान हलवायचे. एकदा त्या चिडून म्हणाल्या, "लिवणाऱ्याले पुसाले का झालं होतं? एवढा चहा पेला तिचा!" मी माझ्या लेखकाची पुष्कळ स्तुती छापील परीक्षणांतून ऐकली आहे, पण ही तक्रार खरी होती. मला ती लागली.

मग सुरेंद्रचा फोन साफ बंद झाला. विमानतळ बंद, टॉवर बंद. भाग्यश्री चंद्रपुरातून सरकारी कार्यालयांच्या नंबरांवर फोन लावत राहिली, 'माहिती घेत आहोत' एवढंच ऐकत राहिली. घरात चूल पेटायची ती नावाला. आणि इकडे माझा फक्त शेवटचा अध्याय उरला होता.

बापूजी त्या दुपारी मला घेऊन तलावाच्या पाळीवर, मातीच्या भरावावर आले. तिथं मनसारामभाऊ जाळं वाळवत होते. बापूजींनी शेवटचं पान मनातल्या मनात वाचलं. त्यातलं शेवटचं वाक्य असं आहे: 'कोण परतले आणि कोण नाही, हे सांगू शकेल असा माणूस मला कुठेही भेटला नाही.' माझ्या लेखकाला या वाक्याचा फार अभिमान होता. बापूजींनी मला पटकन मिटलं.

"मनसाराम, आजवर एक अक्षर नाई बदलवलं म्या," ते म्हणाले. "पण हे बाईपुढं कसं वाचू? शेवट गोड करून सांगतो. तिले कुठी वाचता येते?"

मनसारामभाऊंनी जाळ्यातली एक गाठ सोडवली. "तुमच्या आवाजावरून कळन तिले," ते म्हणाले.

दिवेलागणीला मंडळी जमली. बापूजींनी मला उघडलं, चष्मा पुसला, घातला, काढून पुन्हा पुसला. तेव्हा रुखमाबाई पुढं सरकल्या आणि त्यांनी माझ्या पानावर आपला तळवा ठेवला. जाळी ओढून खरखरीत झालेला तो हात अजून मला आठवतो.

"थांबा भाऊ. शेवटचा अध्याय पोरगा आल्यावर."

"अवो बाई, लावलेली पोथी अर्धी ठेवत नाईत! अपशकुन होते!" गोकुळाबाई घाबरून म्हणाल्या.

"अर्धी कुठी ठेवली? थांबवली हाय. हे पुस्तक त्याच्या देशाचं हाय ना? मंग त्याच्याबिगर संपन कसं?"

मनसारामभाऊ ओट्यावरून उठून पहिल्यांदाच आत आले, जाळ्याचं सूत तोडून त्यांनी ते माझ्या पानात खुणेला घातलं आणि परत जाऊन बसले. बापूजींनी डोळे पुसले. मी तर देवाचे आभार मानले. पुस्तकांना देव असतो की नाही ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी मानले.

त्यानंतर मी कोनाड्यात बांधलेला. श्रावण सरला, पोळा झाला, गणपती उठले. रुखमाबाई रोज सकाळी मला फूल वाहायच्या आणि कामाला लागायच्या. गावातली काही माणसं कुजबुजायची, पोथी थांबवली म्हणून पोराची खबर नाही. रुखमाबाईंच्या कानावर जायचंच ते. तरी त्यांनी ते सूत हलवलं नाही. मला मात्र झोप नव्हती. मी जन्मभर युद्ध पोटात घेऊन फिरलो, पण युद्धाची भीती मला त्या कोनाड्यात कळली.

आणि एका सकाळी तलावाकडून ओरडा ऐकू आला. मनसारामभाऊ पाण्यात होते, त्यांचा मोबाइल काठावर पिशवीत रुखमाबाईंजवळ होता, आणि अनोळखी नंबरावरून फोन आला होता. बोलणं मला ऐकू आलं नाही. मग पाळीवरून पळत येणाऱ्या रुखमाबाईंचा आवाज तेवढा आला, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल असा:

"धुरा ओलांडला! माह्या पोरानं धुरा ओलांडला वो!"

सुरेंद्र आणि त्याचे सोबती ट्रकमधून, मग पायी, परदेशी मजुरांसाठी उघडलेल्या सीमेवरच्या त्या फाटकातून शेजारच्या देशात पोचले होते. सुखरूप होते. गोकुळाबाई हातातली भाजी टाकून रस्त्यातच बसल्या आणि हसू लागल्या, मग रडू लागल्या. माझ्या छातीवरचा एवढा मोठा दगड उतरला, की मला वाटलं मी आता फडक्यासकट हवेत तरंगणार.

काही दिवसांनी तो चामोर्शीच्या बसमधून उतरला. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, गालफडं बसलेली. रुखमाबाईंनी त्याच्या तोंडावरून, हातांवरून, पाठीवरून हात फिरवला, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं, आणि मग त्याच्यावर ओरडल्या, "चप्पल कुठी हाय तुही?" तो दोन दिवस झोपला. घरातल्यांनी भांडीसुद्धा हळू ठेवली.

मग माझी समाप्ती झाली. भर दुपारी, मांडव घालून. भात, वरण, वडे, शिरा. सुरेंद्र माझ्या शेजारीच बसला होता. बापूजींनी सूत काढलं आणि शेवटचा अध्याय अक्षर न गाळता खणखणीत वाचला. शेवटचं वाक्यही वाचलं. पोथीच्या शेवटी फळ सांगतात. माझ्याजवळ सांगायला काहीच नव्हतं. मी मान खाली घालून पडून होतो.

"झालं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"झालं बाई."

"लिवणाऱ्याले नाई भेटला सांगणारा, त नाई भेटला. माहावाला आला." मग त्या सुरेंद्रकडे वळल्या. "काऊन रे, तू त्या फाटकावरून आला ना? ते बाई होती काय तिथी?"

सुरेंद्रनं माझ्या मुखपृष्ठावरून बोट फिरवलं. "ते कोणती मले नाई समजणार, माय. तिथी लय बाया बसून राह्यतात अजून."

रुखमाबाई उठल्या. पंगत मांडली जात होती. त्यांनी पळसाची एक पत्रावळ घेतली, भात-वरण वाढलं, दोन वडे ठेवले, शिरा वाढला, आणि ती माझ्यासमोर ठेवली. पोथीला नैवेद्य असतोच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण त्या हळूच म्हणाल्या ते मी ऐकलं: "हे त्या बाईच्या पोराचं."

बस, एवढीच माझी कहाणी. आता मी पुन्हा कोनाड्यात आहे, पानांना उदबत्तीचा वास आहे, आणि मला कुठल्याही काचेच्या कपाटात परत जायचं नाही. माझ्यासारखं एखादं पुस्तक तुमच्या हाती आलं, तर सेनापतींची नावं विसरलात तरी चालेल. फाटकाशी बसलेल्या बाईला तेवढं विसरू नका.

त्या दिवशी सगळी पंगत उठली. भाग्यश्री उष्टी पानं उचलत माझ्यासमोरच्या पत्रावळीपाशी आली, तशी रुखमाबाईंनी तिला हातानंच थांबवलं.

"ते राहू दे. वरून झाकून ठेव. लय दुरून यायचं हाय त्याले."