अल्लाबक्षच्या जबड्यातून दिसलेला सूर्य

मित्रांनो, मी एक्स-रेची जुनी फिल्म आहे आणि माझ्या अंगात कात्रीनं कापलेली एक चौकोनी खिडकी आहे. आमच्या जातीत खिडकी असण्याची पद्धत नाही. माझी कशी पडली, आणि तिच्यापायी एका माणसाचा ओठ जाता जाता कसा राहिला, ते सांगते.

१९९२ साली शिरूरच्या एका दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत मी तयार झाले. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा अल्लाबक्ष वरातीच्या टेम्पोतून पडला होता. त्याचा डावा गाल पावासारखा फुगला होता. हाड मोडलं का, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. त्यांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं, भेग शोधली, ती काही सापडली नाही. "मोडलं नाही. आठ दिवस पातळ खा," ते म्हणाले. जबड्याच्या कोपऱ्याशी, खालच्या कडेला हरभऱ्याएवढा काळा ठिपका होता. तो त्यांना दिसला नाही, कारण ते भेग शोधत होते. आम्हाला दाखवता येतं, बोट ठेवता येत नाही.

पुढची तीन वर्षं मी खाकी पाकिटात, रेशनकार्डाखाली काढली. मग १९९५च्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. रेडिओवर बजावत होते, की उघड्या डोळ्यांनी बघू नका, एक्स-रेच्या फिल्ममधूनही बघू नका. त्यातलं 'एक्स-रेची फिल्म' एवढंच आमच्या गल्लीच्या लक्षात राहिलं. अल्लाबक्षच्या बायकोनं, मुमताजनं, मला बाहेर काढलं आणि सकाळी सकाळी दारात रांग लागली. माझ्या कडेच्या काळ्याभोर भागातून काही दिसत नव्हतं, हाडाच्या पांढऱ्या भागातून डोळे दिपत होते. त्या ठिपक्यातून मात्र कुरतडलेला सूर्य अगदी बेतशीर दिसायचा. अख्खी गल्ली त्याच जागी डोळा लावू लागली.

"माझं तोंड आजवर कुणी एवढं निरखून बघितलं न्हाई," अल्लाबक्ष म्हणाला.

शेजारी भामाबाई राहायची. मेंढरं मोडून शिरूरला आलेल्या घरातली. तिला पोरं धड बघू देईनात. "मुमताज, तेवढी काळी टिकलीच दे की कापून," ती म्हणाली.

मुमताज बँडवाल्यांचे कपडे शिवायची. मशीनवरची कात्री घेऊन तिनं टिकलीभोवतीचा चौकोन कापला. "घ्या भामाक्का. आता एकट्याच बघा निवांत."

भामाबाई खरंच निवांत बघत बसली. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा झालं नाही. पुढच्या वर्षी ती मुलाकडं, दौंड तालुक्यातल्या खुटबावला राहायला गेली. मी खिडकीसकट पाकिटात परतले.

२००१ साली अल्लाबक्षची उजवी दाढ ठणकू लागली. शिरूरच्या दातांच्या डॉक्टर सुषमाताईंनी पुण्याहून सगळ्या तोंडाचा मोठा फोटो काढून आणायला सांगितला. त्यात उजवी दाढ किडलेली निघाली. डावीकडं, जिथं काहीच दुखत नव्हतं, तिथं काळा ठिपका निघाला.

पुण्याचे सर्जन म्हणाले, "गाठ असू शकते. उघडून बघावी लागेल. सोमवारी या." ठिपक्याच्या अगदी वरून ओठाची नस जात होती. तिला धक्का लागला, तर खालचा ओठ कायमचा बधिर.

"क्लॅरिनेट खालच्या ओठावरच टेकती, साहेब. मग फुंकायचं कशानं?"

"आधी जीव. वाजवायचं नंतर बघू."

त्यानंतर घरात कुणी त्या आजाराचं नाव घेतलं नाही. गल्लीतले लोक अल्लाबक्षशी फार गोड बोलू लागले. ज्यांनी आयुष्यात कधी चहा पाजला नव्हता, ते चहा पाजू लागले. बुधवारी बँडचा मालक आला, मुमताजपुढं एक कागद ठेवला आणि चप्पल शोधू लागला. कागदावर कोटाचं माप होतं.

"हे माप ह्यांचं न्हाई," मुमताज म्हणाली.

"दुसरा गडी बघून ठेवलाय, वहिनी. सीझन तोंडावर हाय. आपलं नुसतं माप घेऊन ठिवलं."

गुरुवारी ती नवऱ्याला घेऊन सुषमाताईंकडं गेली. "तिथं सूज आहे का मामा? ओठाला मुंग्या येतात?" त्यांनी विचारलं. अल्लाबक्षनं दोन्हीला मान हलवून नाही म्हटलं.

"मग मला वेगळंच वाटतंय. जबड्याला आतून लाळेची ग्रंथी टेकते. कुणाकुणाच्या हाडात त्या जागी खळगा पडतो. फोटोत तो गाठीसारखा दिसतो, पण तो रोग नव्हे. त्याला काही करावं लागत नाही."

"मग तसं सांगा की त्या सायबांना."

"एका फोटोवरून कसं सांगू? वर्षभर थांबून परत फोटो काढू म्हटलं, तर ते थांबायला तयार होणार नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. एखादा जुना फोटो आहे का? गाठ असेल, तर ती तेव्हा बारीक असेल, नाहीतर नसेलच. खळगा बहुतेक तेवढाच असेल."

मुमताज पळत घरी गेली आणि मला घेऊन आली. सुषमाताईंनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं. ज्या जागी उत्तर होतं, तिथून पेटीचा उजेड सरळ त्यांच्या तोंडावर आला.

"हे काय?"

"ग्रहण," मुमताज म्हणाली.

शनिवारी मला पिशवीत घालून ती येष्टीनं चौफुल्याला आणि तिथून जीपनं खुटबावला गेली. भामाबाई ओट्यावर मटकी निवडत होती, बोटांनी चाचपून.

"कोन, मुमताज व्हय? आवाजावरनं वळखलं."

"समोर तर बसलीय, भामाक्का."

"समोर बसलीस म्हणून तर दिसंना. जरा बाजूला सरक."

मुमताज सरकली. भामाबाई तिच्या कानाच्या पलीकडं बघत बोलत होती. "त्या दिवाळीतल्या गिरानापासनं आसं हाय. जिथं बघावं तिथं मधी काळी टिकली. मानसाच्या कडा दिसत्यात, तोंड दिसत न्हाई. दौंडाच्या डोळ्याच्या डाक्टरनं इचारलं, कशातनं बघितलं. त्येला दाखवाय तुकडा नेला हुता. तवापासनं चष्म्याच्या डबीतच हाय."

"तुमी मला कवा बोलला न्हाई."

"तुला काय बोलायचं? मीच मागितला हुता."

मुमताजनं अल्लाबक्षचं सांगितलं. भामाबाईनं उठून, चाचपडत डबी आणली. "ने. माझं आता त्येच्यातनं काय बघायचं ऱ्हायलंय?"

रविवारी सुषमाताईंनी दवाखाना मुद्दाम उघडला. तुकडा चरे पडलेला होता, पण खिडकीत नेमका बसला. त्यांनी ठिपका शेजारच्या दाढेशी ताडून पाहिला. तेव्हा अर्ध्या दाढेएवढा होता, आताही अर्ध्या दाढेएवढाच. जागा तीच, कड तशीच रेखीव. नऊ वर्षांत तो तसूभरही वाढला नव्हता. त्यांनी सर्जनना फोन लावला. पलीकडून बरेच प्रश्न आले. शेवटी सोमवार रद्द झाला. वर्षभरानं काढलेल्या फोटोतही तो तेवढाच होता.

पुढं भामाबाईच्या नातवाच्या, संपतच्या लग्नात अल्लाबक्षचा बँड खुटबावला वाजला. घरी आला तो फुगूनच. "भामाक्कासाठी जीव तोडून वाजवलं. ती आपली मान फिरवून बसलेली. एकदा समोर बघितलं न्हाई."

मुमताजनं मशीन थांबवलं. वर्षभर जे सांगायला तिची जीभ रेटली नव्हती, ते तिनं सांगितलं. अल्लाबक्षनं मला पाकिटातून काढलं, चिकटपट्टीनं जोडलेल्या तुकड्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, आम्हाला टाकून देऊ नका. तारीख घालून, कोरड्या जागी जपून ठेवा. कात्री तर लावूच नका. आणि ग्रहणाच्या दिवशी आमच्यातून सूर्य बघू नका. आम्ही काळ्या दिसतो म्हणून ऊन अडवतो, असं कुणी समजू नये. ते आमच्यातून आरपार जातं आणि डोळ्याच्या तळाशी जाऊन बसतं. त्या वेळी काहीच दुखत नाही.