कोपरा उडालेला बिल्ला

मित्रांनो, बिल्ला म्हटलं की तुम्हाला वर्गाच्या मॉनिटरच्या छातीवरचा बिल्ला आठवेल. मी तो नव्हे. मी एका चंदेरी गाडीच्या डिकीवर, अगदी मधोमध, कंपनीची खूण म्हणून बरीच वर्षं चिकटून होतो. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मला मोनोग्राम म्हणतात. पण ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथे मला बिल्लाच म्हणायचे, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणतो.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं, वर चकचकीत मुलामा चढवला, पाठीला चिकटपट्टी लावली, की मी तयार. माझ्यासारखे किती निघाले असतील कोण जाणे. आम्ही सगळे हुबेहूब सारखे होतो. माझं नशीब इतकंच वेगळं, की मी ज्या गाडीवर बसलो ती वसईच्या खाडीकाठच्या एका गावात, चंद्रहास नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात येऊन थांबली.

चंद्रहास भात पिकवायचे आणि हिवाळ्यात भाजी लावायचे. त्यांची बायको वसुंधरा गाडीत त्यांच्या शेजारी बसायची, मांडीवर पिशवी घेऊन. खाडीवरून खारा वारा यायचा. त्या वाऱ्याने माझा मुलामा हळूहळू खाल्ला, अंगावर बारीक बारीक फोड आले. एकदा शेतावरचा पंप डिकीत चढवताना तो चंद्रहासांच्या हातून निसटला आणि माझ्यावर आपटला. माझा उजवा कोपरा उडाला. चंद्रहासांना फार वाईट वाटलं.

"नवीन बसवून घेतो," ते म्हणाले.

वसुंधरेने माझ्या तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता कशी आपली ओळखू येल."

ते खरंच होतं. बाजारात चंदेरी गाड्यांची रांग लागलेली असे. वसुंधरेला नंबर कधी पाठ झाला नाही. ती रांगेतून चालत यायची, प्रत्येक डिकीला हात लावायची, आणि माझ्या खाचेत तिचा अंगठा बसला की म्हणायची, "हां, हीच." चंद्रहास पुढे बसून आरशात हे बघायचे आणि हसायचे. मुद्दाम हाक मारायचे नाहीत.

चंद्रहास गेले ते अचानक, छातीत कळ येऊन. गावातलं घर बंद झालं. मुलगा जितेश विरारला राहायचा. त्याने आईला आणि गाडीला आपल्याकडे आणलं. उंच इमारत, खाली पार्किंगच्या रांगा, वर दोन खोल्यांचं घर. घरात जितेश, त्याची बायको रचना आणि कॉलेजात जाणारी मुलगी क्षितिजा. माणसं चांगली होती, मित्रांनो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते वाईट माणसांमुळे घडलं नाही.

वसुंधरा विसरू लागली. आधी ती गॅस बंद करायला विसरली. मग जेवल्याचं विसरली. मग एक दिवस तिने रचनाला विचारलं, "बाय, तू कोनाची?" डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच वाढत जातो. ती क्षितिजाला कधी नावाने हाक मारी, कधी परकी मुलगी समजून लाजे. पण संध्याकाळी ती खाली येई, गाड्यांच्या रांगेतून हात फिरवत चाले आणि माझ्यापाशी थांबे. अंगठा खाचेत. "हां, हीच." मग क्षितिजा दार उघडून द्यायची आणि आजी पुढच्या सीटवर बसून राहायची, चंद्रहास येण्याची वाट बघत. अंधार पडू लागला की नात म्हणायची, "आजी, आजोबांना उशीर होणार आहे, चल वर." आणि ती निमूट जायची. सगळं जग तिच्या हातून सुटत चाललं होतं, तेव्हा मला तिचा हात रोज लागत होता. एका प्लास्टिकच्या तुकड्याला याहून मोठा मान काय मिळणार?

दसरा जवळ आला. जितेशला वाटलं, बाबांची गाडी पूजेसाठी नव्यासारखी करावी. त्याने माझ्या जागी बसवायला नवा बिल्ला मागवला. खंडेनवमीच्या सकाळी तो बादली आणि फडकी घेऊन खाली आला, आणि सुरीने मला खरवडू लागला.

तळमजल्यावरचा डिलन ते बघून धावत आला. त्याला सुट्टीच्या दिवशी कळंबच्या किनाऱ्यावर गळ टाकायचा नाद होता.

"अरे, सुरी नको! रंग जाईल सगळा. आधी गरम कर. तंगूस देतो, थांब."

रचनाचं केस वाळवायचं मशीन आलं, लांब वायरचा बोर्ड आला. गरम हवेने माझ्या पाठीचा गोंद सैल पडला. मग डिलनने मासे धरायची ती नायलॉनची दोरी, तंगूस, माझ्यामागे सरकवली आणि दोघे दोन बाजूंनी करवतीसारखी ओढू लागले. गोंद लांब लांब तार धरत तुटला. एवढ्या वर्षांची जागा सुटली. पत्र्यावर माझा आकार तेवढा उरला, आजूबाजूच्या उडालेल्या रंगाहून थोडा गडद.

रचना मशीन परत न्यायला खाली आली होती. ती म्हणाली, "अहो, आई त्याला हात लावून बघतात ना?"

"अगं, मग नव्याला लावतील," जितेश म्हणाला. "हा बघ ना कसा झालाय. बाबांच्या गाडीवर शोभत नाही."

त्याने मला फडक्यांबरोबर बादलीत टाकलं. उरलेला गोंद रॉकेलने पुसला, जागा साबणाने धुतली, कागदी टेप लावून बरोबर मध्य धरला आणि नवा बिल्ला बसवून अंगठ्यांनी दाबून धरला. काम सुबक झालं. मलाही ते कबूल करावं लागलं.

बादली वर गेली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात राहिली. तिथूनच मी पुढचं सारं ऐकलं.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आईला नवं लुगडं नेसवून खाली नेलं. थोड्याच वेळात खालून तिचं ओरडणं गॅलरीपर्यंत आलं.

"ही नाय! आपली गाडी ही नाय! ह्यांची गाडी कोनी नेली?"

"आई, हीच आहे. नवीन बिल्ला लावलाय फक्त. बस आत."

"सोड मला! ह्ये येतील, त्यांना काय सांगू मी?"

जितेशने तिला धरून बसवायचा प्रयत्न केला. तिने त्याच्या तोंडावर मारलं. इमारतीतली माणसं जमली. पूजा तशीच अर्धी टाकून सगळे वर आले आणि दार बंद झाल्यावर जितेश ओरडला. त्याला मी कधी असं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"बाबा नाहीत आता! गेले ते! किती वेळा सांगू तुला? कोणी येणार नाहीये!"

"कधी गेले?" वसुंधरेने विचारलं. जणू ती बातमी तिला त्याच क्षणी पहिल्यांदा कळली होती. आणि मला वाटतं, तसंच असावं.

दुपारी पुरणपोळ्या ताटांत तशाच राहिल्या. सगळे जरा आडवे झाले. मी दाराची कडी निघालेली ऐकली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी हाक मारली असती. वॉचमनला वाटलं, आजी नेहमीसारखी गाडीत बसायला आली. तो मोबाइलमध्ये बघत राहिला.

पुढचं मला नंतर घरातल्यांच्या बोलण्यातून कळलं. ती फाटकाबाहेर गेली. रस्त्याकडेला गाड्या उभ्या होत्या, त्या संपल्या की पुढच्या गल्लीत आणखी. ती एकेका गाडीच्या पाठीवरून हात फिरवत चालली. नाक्यावर आपट्याची पानं विकणाऱ्या लतिका नावाच्या बाईने तिला विचारलं होतं, "आजी, काय शोधता?" आजी म्हणाली होती, "आमची गाडी." लतिकाला वाटलं, मुलगा गाडी लावून कुठे गेला असेल.

स्टेशनच्या दिशेला एका दुकानासमोर एक चंदेरी गाडी उभी होती. वसुंधरा तिच्या मागे वाकून डिकीवर हात फिरवत होती. चालकाने आरशात पाहिलं, पण ती वाकलेली होती, त्याला दिसली नाही. त्याने गाडी मागे घेतली.

तो पळून गेला नाही. त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं आणि जितेश पोचेपर्यंत बाहेरच्या बाकावर रडत बसला. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या वयात ऑपरेशन झेपेल की नाही, डॉक्टरांना खात्री नव्हती.

रात्री जितेश कपडे न्यायला घरी आला तेव्हा गॅलरीत आला. त्याने बादली उपडी केली, फडकी झटकली, मला उचललं. मी ओला होतो, रॉकेलने माखलो होतो. त्याने मला शर्टाला पुसलं आणि तिथेच खाली बसला. रचना दारात उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दवाखान्यात त्याने मला आईच्या तळव्यावर ठेवलं. ती डोळे मिटून होती. बोटं सवयीने हलली, अंगठा शोधत शोधत तुटक्या कोपऱ्यावर आला.

"आली गाडी?" तिने विचारलं.

"आली, आई."

"किती येळ लावलात हो," ती म्हणाली. जितेशला तिने चंद्रहास समजलं होतं. त्याने ते खोडून काढलं नाही. "उशीर झाला खरा," तो म्हणाला.

ती घरी आली नाही. छातीत कफ साठला आणि दिवाळीच्या आधी ती गेली.

पुढे क्षितिजा म्हणाली, "बाबा, जुना बिल्ला परत लावूया का?" जितेश नको म्हणाला. मी आता गाडीतच असतो, पुढच्या खणात. जितेश गाडी मागे घेण्याआधी नेहमी खाली उतरतो आणि मागे जाऊन बघून येतो. मागच्या वाहनांनी कितीही हॉर्न वाजवले तरी उतरतो. घरात त्या दसऱ्याबद्दल तो अजून बोलत नाही. कधीतरी एकटाच गाडीत बसलेला असताना मात्र त्या ओरडण्यातले शब्द स्वतःशी पुटपुटतो, जणू परत गिळता येतील.

मित्रांनो, मला जपायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. मी प्लास्टिक आहे. जुना झालो, बदललो गेलो, त्यात वावगं काही नाही. पण तुमच्या घरात कोणी विसरत चाललेलं माणूस असेल, तर ते कशाला धरून चालतं ते नीट बघून ठेवा. ती वस्तू तुम्हाला भंगार वाटेल. तिला हात लावण्याआधी थांबा. आणि चुकून बदललीच, आणि ते माणूस "हे आपलं नाही" म्हणून रडू लागलं, तर त्याला खरं काय ते पटवत बसू नका. पायात चपला घाला, त्याचा हात धरा आणि त्याच्याबरोबर शोधायला निघा.