येसूबाईंचं अर्धं वाक्य

सांगलीतल्या आमच्या कॅज्युअल्टीत येसूबाई आल्या त्या तोंडाचा पट्टा चालू ठेवूनच. मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट. नाव शाझिया, गाव लोणंद, आणि डोकं कायम तापलेलं. त्यात सकाळपासून घोटभर चहाही पोटात गेला नव्हता.

"पित्त हाय ओ नुसतं," त्या म्हणाल्या. "ह्या नाग्यानं उगं गाडीत घालून आणलं."

त्यांचा मुलगा नागसेन शेजारी ओशाळून उभा होता. ईसीजी मात्र पित्ताचा नव्हता. हृदयाची मोठी रक्तवाहिनी तुंबली होती, ती उघडायला त्यांना लगेच आत न्यायचं होतं. तयारी चालू होती, छातीवर मॉनिटरच्या तारा लावल्या होत्या, आणि आजी त्याच तारा ओढत खाटेवरून उतरायला निघाल्या होत्या.

"आजी, गुमान पडा!" मी ओरडलेच. "उतरलात तर जिवावर बेतेल."

"कुणावर वरडतीस गं? मी हितं पडून ऱ्हायले, तर माझ्या शेळ्यास्नी—"

तेवढ्यावरच त्या थांबल्या. मान कलली. डोळे उघडे, पण त्यांत कुणी नव्हतं. मॉनिटरवरची रेषा पिसाळल्यागत नाचू लागली. नाडी लागेना.

माझी पाचावर धारण बसली. हे सगळं मी आजवर सरावाच्या पुतळ्यावर केलं होतं, आणि पुतळ्याचा मुलगा शेजारी उभा नसतो. आमच्या सीनियर स्वप्ना मॅडमनी छाती दाबायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "शाझिया, शॉक तू द्यायचा."

मशीन चार्ज झालं. "सगळे लांब व्हा," मी म्हणाले, तो आवाज मलाच परका वाटला. बटण दाबलं. आजींचं अंग खाटेवर उडालं. रेषा सपाट झाली. मी मनातल्या मनात अल्लाला हाक मारली. मग एक टेकाड उमटलं. मग दुसरं. मग शहाण्यासारखी एकामागून एक.

येसूबाईंनी मोठा श्वास घेतला, माझ्याकडे तसंच रागानं बघितलं आणि म्हणाल्या, "—पाणी कोण दावणार?"

नागसेन मटकन खाली बसला. "मी दावतो, आये, मी दावतो," म्हणत रडायला लागला. मॅडमचा जीव भांड्यात पडला, त्या हसत होत्या. माझ्या अंगावर मात्र काटा उभा राहिला. एवढं मोठं मरण येऊन गेलं, आणि त्याला या बाईच्या वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे करता आला नव्हता.

आत नेताना मी स्ट्रेचरसोबत चालले. राहवलं नाही. वाकून विचारलं, "आजी, मघाशी तुम्ही गेला होतात. आम्ही ओढून आणलं. तिकडं काही दिसलं का हो?"

त्या चक्रावून माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी? कवा?"