रडणाऱ्यांची गाळणी

आईनं लेकीचे दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि दम्याच्या औषधाच्या नळीचा मास्क तिच्या तोंडावर बसवला. लेकीनं आकाशपाताळ एक केलं. घरात तिला लवंगी म्हणत, ते काही उगाच नाही.

"रडू दे," आईलाच धाप लागली होती. "रडताना मोठा श्वास घेते, औषध खोल जातं."

दवाखान्यातल्या संशोधिकेनं तिला अडवलं नाही. घरी देता तसंच द्या, असं तिनंच सांगितलं होतं. मास्क आणि नळी यांच्यामध्ये तिनं एक गाळणी बसवली होती. मूल जेवढं औषध ओढेल, तेवढं त्या गाळणीवर अडकायचं. रडणाऱ्या मुलांच्या गाळण्या आजवर जवळजवळ कोऱ्याच निघाल्या होत्या. मूल मान झटकतं, मास्क गालावरून सरकतो, औषध हवेत जातं.

तेवढ्यात विभागाचे मोठे डॉक्टर आत आले.

"पुन्हा रडकं मूल? ती गाळणी टाकून द्या. प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर आकडे उत्तम आलेत."

"पुतळ्याला दमा नाही, सर. आणि तो रडतही नाही. रडणाऱ्यांच्या गाळण्या कोऱ्या निघतात, औषध आत जातच नाही."

"सहकार्य न करणारी मुलं वगळायची, हा नियम आहे."

"मग शोधनिबंधावरून माझंही नाव वगळा." तिनं मास्क काढून टेबलावर ठेवला, गाळणी पाकिटात घातली आणि पाकीट घट्ट बंद करून शेजारी ठेवलं. ती संतापली होती.

"नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

"सोडेन. पण गाळणी टाकणार नाही."

आई दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"म्हणजे हिच्या पोटात... छातीत औषध जातच नव्हतं? मी रोज हिला असं आवळून धरते, ते कशासाठी?" मग ती मोठ्या डॉक्टरांकडे वळली. "रडू दे म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला.

लवंगीनं मात्र संधी साधली. टेबलावरचा मास्क उचलून ती थेट त्यांच्यापुढे उभी राहिली.

"खाली बस."

ते मुकाट्यानं बसले. तिनं मास्क त्यांच्या नाकातोंडावर दाबला आणि मागे वळून हुकूम सोडला,

"आई, याचे हात धर!"

आई जागची हलली नाही. "नाही गं. आता कुणाचेच हात धरायचे नाहीत."

लवंगीनं थोडा विचार केला. मग मास्क काढून घेतला, फ्रॉकला पुसला आणि स्वतःच्या तोंडाला लावून बघितला. संशोधिकेनं लगबगीनं त्याला नवी गाळणी आणि नळी बसवून औषध सोडलं. खोलीत आता फक्त लवंगीच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

मोठे डॉक्टर गुडघ्यावर हात टेकून उठले. टेबलावरचं पहिलं पाकीट त्यांनी हातात घेतलं. संशोधिका ते हिसकावून घ्यायला पुढे झालीच होती.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि नोंदीसाठी पाकिटावर लिहिलं: रडताना.