रकान्यात न मावलेली सात नावं

मी एक जुना दुधाचा कॅन आहे. चाळीस लिटरचा, ॲल्युमिनियमचा, जन्माने कानपूरचा. लखनऊच्या एका कृषी महाविद्यालयाच्या गोठ्यात मी कामाला लागलो, त्याला आता तीस वर्षं होतील. कानपूरचा असून मी मराठी कसा बोलतो, असं तुम्हाला वाटेल, मित्रांनो. त्याचं कारण सुलभाताई. दुग्धशास्त्राच्या प्राध्यापक सोनटक्क्यांच्या या पत्नी. रोज सकाळी बरणी घेऊन दुधाला येतात आणि धार निघेपर्यंत माझ्यावर बसून अमरावतीच्या बहिणीशी फोनवर बोलतात. बारा वर्षं कुणी तुमच्यावर बसून मराठी बोललं, तर भाषा येतेच. नुसतं समोर बसून येत नाही. त्यांची मुलगी अनघा लहानपणापासून समोर बसली आहे. तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते.

माझेही चांगले दिवस होते. शेतकरी मेळाव्यात एकदा मला चिंच लावून घासलं, हार घातला आणि टेबलावर ठेवलं. प्रमुख पाहुण्यांनी माझ्यावर हात ठेवून दुधाच्या भवितव्यावर पंचवीस मिनिटं भाषण केलं. नंतर त्यांनी हात रुमालाला पुसला. दुधाचं भवितव्य तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढे स्टीलचे चकचकीत कॅन आले. माझ्या पोटाला पोचे पडलेले, झाकण जरा वाकडं. माझं नाव भंगाराच्या यादीत गेलं. यादी मंजूर व्हायला सहा वर्षं लागत आहेत, म्हणून मी अजून आहे. गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून माझा उपयोग करतात.

मला विसरला नाही तो एकटा दयाराम. गोठ्यातला कायम नोकरीतला माणूस तोच. बाकीचे कंत्राटी, सुट्ट्या लागल्या की कंत्राटासकट गावी जाणारे. धार काढायला आत शिरताना दयाराम माझ्या झाकणावर बोटांच्या पेरांनी तीनदा वाजवायचा. ठक, ठक, ठक. स्टीलचे कॅन आले तरी त्याने मलाच वाजवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो सत्तावीस नंबरच्या गाईपाशी बसून तिला रोजचंच ऐकवायचा, "क्यों महारानी, आज देना है कि आज भी एहसान करना है?" आणि महाराणी पान्हवायची.

आमच्याकडे रजेच्या अर्जात एक रकाना आहे : 'रजेच्या काळात काम कोण पाहील'. दयारामचा हा रकाना बावीस वर्षं कोरा राहिला आणि त्याचा दिवाळीचा अर्ज बावीस वेळा परत आला. परत पाठवायचे कार्यालयातले आशुतोषबाबू. माणूस वाईट नाही. कोरा रकाना दिसला की त्यांचा हात आपोआप चालतो, इतकंच. पहिला अर्ज दयारामची लेक पिंकी जन्मली त्या दिवाळीतला. तिच्या छठीला, म्हणजे सहाव्या दिवसाच्या पूजेला, बाप इथे शेण काढत होता.

तर गेल्या वसुबारसेची गोष्ट. त्या दिवशी सुलभाताई दरवर्षी सत्तावीस नंबरला आणि तिच्या वासराला ओवाळतात आणि दूध घेत नाहीत. त्यांच्या वाटचं अर्धा लिटर दयाराम वासराला पाजतो. त्या दिवशी ओवाळून झाल्यावर ताई म्हणाल्या, "आज का दूध इसके बच्चे का है, भैया."

"और बाकी तीन सौ चौंसठ दिन, मैडम?" दयाराम हसत म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बहराइचहून पिंकी होती. तिला मुलगी झाली होती, दोन दिवसांनी छठी होती. फोन इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आलं, "बाबू, हमारी छठी में नहीं आए थे. इसकी में आ जाओ."

दयारामने फोन खिशात ठेवला आणि तो पेंड कालवायला लागला. जरा जास्तच वेळ कालवत राहिला. सुलभाताईंच्या हातातलं निरांजन विझलं तरी त्या उभ्याच होत्या.

"वर्षातून एक दिवस वासराचा," त्या घरी जाताना स्वतःशीच म्हणाल्या, "आणि याला तोही नाही."

कार्यालय बंद व्हायला दोन तास होते. तेवढ्यात अर्ज नव्याने लिहिला गेला आणि रकान्यात नावं पडली. सोनटक्केसर, सुलभाताई, अनघा, मेसचे स्वयंपाकी कमल, घर लांब म्हणून वसतिगृहातच राहिलेला विद्यार्थी विपुल आणि शहरातल्या महानगर भागातून सुलभाताईंना फराळाचा डबा द्यायला आलेल्या त्यांच्या मैत्रीण हेमाताई कांबळे. त्या नुसत्या डबा द्यायला आल्या होत्या, हे लक्षात घ्या.

आशुतोषबाबू अर्ज घेऊन गोठ्यातच आले.

"सर, कॉलम में एक नाम आता है. आपने छह लिख दिए, पीछे के पन्ने तक."

"मग कॉलम बड़ा करो ना, भैया," सुलभाताई म्हणाल्या.

"और ये हेमा जी? ये तो कॉलेज की हैं ही नहीं."

"क्यों, गाय डिपार्टमेंट पूछती है क्या?" हेमाताई म्हणाल्या.

आशुतोषबाबूंनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. "बाईस साल से मैं ही लौटा रहा हूँ," ते हळूच म्हणाले. मग खिशातलं पेन काढून, अर्ज माझ्या झाकणावर ठेवून त्यांनी सातवं नाव स्वतःचं लिहिलं आणि सही केली. माझ्या आयुष्यात माझ्यावर झालेलं हे एकमेव कार्यालयीन काम.

दयाराम संध्याकाळच्या बसने गेला. जाताना "सत्ताईस को डाँटना मत, वो मेरा काम है" एवढंच बोलला.

दुसऱ्या दिवशी पहिला शोध लागला : स्टीलच्या कॅनच्या खोलीची किल्ली भांडारपाल आपल्या गावी, बलियाला, घेऊन गेले होते. मग काय, मला दारातून ओढून घासलं. दुसरा शोध असा, की पान्ह्यावर वीस शोधनिबंध लिहिलेल्या सोनटक्केसरांना धार काढता येत नाही. त्यांच्याकडे शेण आलं. धारेला माहेरी म्हशी सांभाळलेल्या सुलभाताई आणि गावाकडचे आशुतोषबाबू बसले. आठ गाईंनी दूध दिलं. सत्तावीसने मात्र पान्हा चोरला. सकाळी नाही, संध्याकाळीही नाही. तिसऱ्या वेळेला तिची कास दगडासारखी झाली होती आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती.

"अब दयाराम को फ़ोन करना ही पड़ेगा," आशुतोषबाबू म्हणाले. "गाय बीमार पड़ गई तो?"

"आज दुपारी छठी आहे," सुलभाताई म्हणाल्या. "फोन केलात तर तो पूजेतून उठून येईल. तुम्ही ओळखता त्याला."

सोनटक्केसरांनी मेंदूतून स्रवून पान्हा आणणाऱ्या द्रव्याबद्दल थोडं सांगितलं. सत्तावीसने शेपटी मारली.

मला सगळं माहीत होतं, मित्रांनो. पण कॅनला तोंड असतं ते फक्त दूध ओतायला. अशी लाचारी मी भंगाराच्या यादीतही सोसली नव्हती.

"फिर मैं क्या करूँ?" अनघा रडवेली होऊन म्हणाली. हातात फोन, नंबर काढलेला. ती माझ्यावर धपकन बसली आणि वैतागून बोटांच्या पेरांनी झाकण बडवू लागली. ठक, ठक, ठक.

सत्तावीसचे कान वळले.

"मम्मी!" अनघा ओरडली, "दूध टपक रहा है!"

सुलभाताई बादली घेऊन बसल्या. मग धारांचा तो आवाज. अनघा वाजवतच राहिली, आई नको म्हणाली तरी. "बघा, म्हटलं नव्हतं, तिला वेळ द्या," सर म्हणाले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. पण कित्येक वर्षांनी ते कोमट दूध माझ्या पोटात उतरलं, आणि त्याच दिवशी दुपारी बहराइचला एका आजोबांनी नातीला मांडीवर घेतलं.

भाऊबीजेनंतर दयाराम सुंठीचे लाडू घेऊन आला. सातही जणांना त्याने एकेक लाडू दिला, आशुतोषबाबूंना दोन. तो आत जायला वळला आणि सवयीने त्याने मला वाजवलं. सत्तावीस हंबरली. दयारामने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग गमछ्याने माझं झाकण पुसलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. भंगाराची यादी आज ना उद्या मंजूर होईलच. पण तुमचं दूध, पाणी, कचरा, दार कुणीतरी सणासुदीला सांभाळत असतं. त्याचा रकाना कोरा आहे का, तेवढं विचारा. आमच्याकडे यंदा नवे अर्ज छापून आले. रकाना तेवढाच आहे, एका नावापुरता. फक्त आशुतोषबाबूंनी मागची बाजू कोरी ठेवायला सांगितली आहे.