पियानोचा नारळ

भोरच्या सभागृहात माधुरीचं व्हायोलिन आणि धम्मदीपचा पियानो चांगलेच रंगात आले होते. संथ भाग संपला. पुढचा सुरू करण्याआधी दोघं क्षणभर थांबली, तेवढ्यात संयोजक अण्णा माईक घेऊन मंचावर चढले.

"पियानो नवा हाय, पूजा ऱ्हायलीच की! आमी ट्रॅक्टरलाबी नारळ फोडल्याबिगर हात लावत न्हाई."

आणि पियानोच्या कडेवरच त्यांनी नारळ आपटला. पाणी पट्ट्यांमध्ये झिरपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मघाच्या वादनाला चार हातही वाजले नव्हते. माधुरीला शिसारी आली.

"आता कलाकारांचा सत्कार," म्हणत अण्णांनी तिच्या खांद्यांवर शाल टाकली.

तिनं ती ओढून काढली आणि सगळ्यांदेखत त्या शालीनंच पट्ट्या पुसायला घेतल्या.