तेल माखलेल्या गजाचा दसरा

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. चेलो नावाचे वाद्य तुम्ही पाहिले आहे का? दिसायला व्हायोलिनसारखेच, पण एवढे थोराड की खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरावे लागते. त्याच्या तारांवरून आडवी फिरते ती लांब काठी म्हणजे मी. फोटो निघतो तो चेलोचा. पण मी नसेन तर त्याला गाता येत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. बरे, थोडे गर्वानेच सांगतो. एका दसऱ्याला बेंगळुरूच्या भरलेल्या सभागृहात मी जे ऐकले, ते ऐकल्यावर कुणालाही गर्व झाला असता.

माझी काठी दूरदेशीच्या तांबूस लाकडाची आणि तिच्यावर ताणलेले पांढरे केस घोड्याच्या शेपटीचे. बोटीने इथे आलो आणि कॅन्टोनमेंटमधल्या एका बँडवाल्याच्या हाती पडलो. चर्चमधली भजने, क्लबातले नाच, सगळे आम्ही वाजवले. तो थकला, गेला, आणि चेलोसह मी एका दुकानाच्या माळ्यावर जाऊन पडलो. तिथे माझ्या केसांना कसर लागली. कुणी विचारीत नसले की वस्तू लवकर म्हातारी होते.

नव्वदच्या दशकात जे. पी. नगरच्या हंबीररावांनी आम्हाला तिथून सोडवले, त्यांच्या मुलीसाठी, संयोगितासाठी. दुकानदाराने मला नवे केस बसवले, तेव्हा हंबीरराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "घोड्याचे आहेत ना? मग आमच्याच घरात शोभतील. आमचे पूर्वज इथे घोड्यावरूनच आले!"

संयोगिता मन लावून शिकली. पुढे मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मोठ्या वाद्यवृंदाची एक मैफल ठरली. युरोपातले शंभर वर्षांपूर्वीचे, भावनांनी ओथंबलेले संगीत. त्यात एका ठिकाणी सगळी वाद्ये थांबणार आणि एकटा चेलो गाणार होता. ती जागा संयोगिताला मिळाली. मैफल होती दसऱ्याच्या संध्याकाळी.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरात स्कूटर, शिवणयंत्र, विळी आणि आम्हीही पूजेला बसलो. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, म्हणून मला कुणी वाजवले नाही. संयोगिताच्या आजी अंबुबाई यांनी मला हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. मग माझ्या केसांवरून बोट फिरवून त्या हळहळल्या आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या. इतक्या मायेने मला कुणी कधी गोंजारले नव्हते. पण मला ओरडता येत असते तर मी ओरडलो असतो!

दसऱ्याच्या सकाळी संयोगिताने मला तारेवर टेकवले. मी नुसता घसरलो. आवाज नाहीच.

"अज्जी, याला काय केलंस?"

"कालच तर छान तेल लावलं, पुट्टी, माझ्या बाळा. किती रुक्ष झाले होते गं केस!"

हंबीररावांनी तिला चेलो शिकवणाऱ्या पिंटो सरांना फोन लावला. सर म्हणाले, "दुकानं बंद आहेत आज, नवे केस मिळणार नाहीत. तेल पूर्ण निघालं पाहिजे, पण काठीला पाण्याचा थेंब लागता कामा नये. नाही जमलं तर तिची जागा व्हायोलिन वाजवेल. सरी? ठीक आहे ना?"

अंबुबाई उठल्या, गरम पाण्यात शिकेकाई कालवू लागल्या. संयोगिता मला छातीशी धरून म्हणाली, "तू नको हात लावूस, अज्जी!"

अंबुबाईंचा हात पातेल्यातच थांबला. "माझ्या हातानं बिघडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्याच हातानं निस्तरू दे."

मग संयोगिताने माझा स्क्रू फिरवला, केस मोकळे सोडले आणि काठी उंच धरली. "काठी मी धरते. तू फक्त केस."

मग अंबुबाईंनी मला न्हाऊ घातले, नातीला घालतात तसेच. पुन्हा पुन्हा फेस, पुन्हा पुन्हा पाणी. गच्चीवर दोघींनी मला उन्हात धरले, फणीने विंचरले. केस सुकल्यावर संयोगिताने राळ घासली. राळेशिवाय केस तारेला धरत नाहीत. पहिल्यांदा मी खरखरलो. आणखी राळ. मग एक सूर निघाला, बारीक आणि भित्रा. तेवढ्यावरच आम्ही सभागृहात गेलो.

केवढी गर्दी होती! वाद्यवृंदाचे प्रमुख प्रत्येक तुकड्याआधी मुलांना गोष्ट सांगत होते. वादळ झाले, शिकारीच्या तुताऱ्या झाल्या, एक चिमुरडा तर मधल्या वाटेत नाचू लागला. आणि मग सगळी वाद्ये थांबली.

संयोगिताने श्वास घेतला. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या एकेका केसाची काळजी वाटत होती. ती मला ओढू लागली, आणि मी धरले! तार गाऊ लागली. खालचे सूर मधासारखे दाट, वरचे दिव्यासारखे उजळ. नाचणारा चिमुरडासुद्धा उभा राहून ऐकू लागला. शेवटचा सूर मी टोकापर्यंत पोहोचवला, तोच पितळी वाद्ये आणि नगारे एकदम उसळले आणि सारे सभागृह दणाणून गेले. टाळ्या थांबेचनात.

प्रमुखांनी संयोगिताला उभे केले. तिने मला उंच धरले आणि माझे टोक थेट आजीकडे रोखले. सगळे वळून पाहू लागले.

शेजारच्या गंगव्वा सोबत आल्या होत्या. त्यांनी विचारले, "अक्का, पोरीनं ती काठी तुमच्याकडं का केली हो?"

"सकाळी मीच न्हाऊ घातलं तिला," अंबुबाई म्हणाल्या. डोळे पुसायचे सोडून त्या हसतच सुटल्या.

मित्रांनो, आता माझी काठी थोडी वाकली आहे. वाजवून झाल्यावर मला सैल करा, केसांना बोट लावू नका. कुणावर माया करायची तर त्याला काय मानवते, ते आधी विचारा. आणि मायेपोटी कुणाच्या हातून काही बिघडलेच, तर त्या माणसाला दूर सारू नका. काठी तुम्ही धरा, आणि केस त्याला धुऊ द्या.